पाचवं प्रकरण

"पण सर, या तिन्ही पुस्तकांतलं एक सांगा ना. कुठलं लावू?"

भांगरे सर ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. सोलतच राहिले.

शाल्मली त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता स्वतःच विद्यापीठात मॅडम झालेली. एम.एस्सी.च्या पोरांना शिकवायला तिनं हट्टानं नवा विषय मागून घेतला होता, स्थिर समस्थानिकांचं भूरसायनशास्त्र. म्हणजे एकाच मूलद्रव्याची जड नि हलकी भावंडं मोजायची आणि त्यावरून पाणी कुठून आलं, दगड कसा घडला, ते ओळखायचं. उद्या समितीची बैठक. एका पाठ्यपुस्तकाचं नाव दिलं नाही, तर विषय बाद.

"काय वाईट आहे यांच्यात?" सरांनी विचारलं.

"हे पातळ. पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडतील. हे रंगीत. नुसती चित्रं बघतील. आणि हे जाडं..." तिनं नाक मुरडलं. "हे तर सर, कुणाच्या बापाला कळायचं नाही."

"वाचलंस?"

"चाळलं. तेवढ्यावरनं कळतं मला आता."

"पाचवं प्रकरण?"

"ते पावसाच्या पाण्याचं. ते तर मला येतं. कशाला उघडू?"

सरांनी एक किडका दाणा बाजूला टाकला.

"तू कुठल्या पुस्तकावर शिकलीस गं?"

"आपल्या लॅबमधल्या! एकच प्रत होती. तुम्ही शिलाई उसवून प्रकरणं वाटली होतीत. ज्याच्या वाट्याला जे येईल, ते त्यानं बाकीच्यांना शिकवायचं." ती हसली. "सहावं अजून तबस्सुमच्याच आवाजात ऐकू येतं. आठवं म्हटलं की कोंडाजीच्या शिंका. आणि माझं पाचवं."

"नाव काय होतं पुस्तकाचं?"

शाल्मलीनं तोंड उघडलं.

"...कव्हर नव्हतं, सर."

सरांनी जाडं पुस्तक पायानंच पुढं सरकवलं. "काढ पाचवं."

तिनं काढलं. पहिलं वाक्य वाचलं. दुसऱ्याला खाली बघायची गरजच पडली नाही. पुस्तक इंग्रजी, पण तोंडातून मराठीच यायला लागलं, तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांना शिकवलं होतं तसंच. ढग समुद्रावरून आत येतो, जड पाणी आधी पाडून टाकतो, डोंगरापलीकडं पोचतो तो हलका पाऊस...

पान संपलं.

"सर, हे... हेच?"

"तेव्हाही कुणाच्या बापाला कळत नव्हतं," सर म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला वाटून दिलं."

ती वाकली. पायाला हात लावणार, तर सर म्हणाले, "जपून. वालावर पाय देशील."

डोळे पुसत तिनं पेन काढलं. "हेच लावते सर. थांबा, नाव उतरवून घेते."

सरांनी तिच्या हातातनं पुस्तक घेतलं. कव्हर नीट धरलं. टर्रकन फाडलं.

"सर! लायब्ररीचं आहे ते!"

सरांनी कव्हर तिच्या एका हातात दिलं. बाकीचा गठ्ठा दुसऱ्या हातात.

"हे समितीला दे," ते म्हणाले. "आणि हे पोरांना."