राखी वेश

फार जुन्या काळची गोष्ट. रानाच्या कडेला एक गाव होतं. उन्हाळ्यात वणवा लागला की गावातल्या तरुण मुलामुलींचं पथक तो विझवायला जाई. ती परतली की वडीलधारी माणसं शिवेवर पाण्याचे तांबे घेऊन उभी राहत. ज्याने त्याने आपलं मूल ओळखायचं आणि त्याचे पाय धुवायचे. तोवर कुणाचंही नाव घ्यायचं नाही. वणव्याला नाव कळलं तर तो परत येतो, असं गाव मानत असे.

एका वर्षी पथकाच्या म्होरक्याने नियम केला. सगळ्यांचे कपडे राखी, तोंडाला फडकंही राखी.

पथकात एक मुलगी होती. तिची आई वारली होती. आईच्या पिवळ्या लुगड्याची पट्टी ती कमरेला बांधत असे.

"काढ ते," म्होरक्या म्हणाला. "हळदीला निघालीस का?"

सगळे हसले.

"आईचं आहे, दादा."

"आया काय आम्हाला नाहीत?"

आता कुणी हसलं नाही.  म्होरक्या म्हणाला, "नियम म्हणजे नियम. नाहीतर घरी बस."

घरी बसणं तिला नको होतं. त्या घरात आता बोलणं फार होत नसे. तिने पट्टी सोडून वडिलांकडे दिली.

"राहू दे की, पोरी," वडील म्हणाले. "माझी नजर अधू. लांबून तेवढीच दिसते."

"ती बांधली तर मी एकटी पडते, बाबा."

वणवा लागला. तो विझवून परतताना एका ओढ्यात तिचा पाय मोडला. पथक पुढे गेलं. म्होरक्याने धुरातून एकदा मागे पाहिलं. राखी आकृत्या दिसल्या. सगळे येताहेत, असं समजून तो चालू लागला. ते जळके बुंधे होते.

शिवेवर वडील तांब्या घेऊन रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"असेल इथंच, काका. नीट बघा," म्होरक्या म्हणाला.

वडिलांनी तांब्या खाली ठेवला आणि गावाची रीत मोडली.

"मैने! अगं मैने!"

रांगेतून ओ आली नाही.

सगळे रानात धावले. ती ओढ्यात बसलेली सापडली. म्होरक्याला पाहून हळूच म्हणाली, "दादा, तू मागे वळलास. मला वाटलं, मी दिसले."

म्होरक्याने तो नियम त्याच दिवशी मोडला. पण मैना पुन्हा पथकात गेली नाही. तिचा पाय कधी सरळ झाला नाही.

तात्पर्य : ज्याचं वेगळेपण आपण पुसून टाकतो, तो हरवला तरी आपल्याला कळत नाही.