एक थेंब, दोन पाखरं

ऐनाच्या रानाला लागून एक झोपडी होती, इतकी बुटकी की आत शिरताना मांजरसुद्धा मान खाली घालायचं. तिथं पारबता आणि तिची माय राहायची. दोघी ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या पाळायच्या आणि त्यांचे कोसे, म्हणजे रेशमाचे कोश, उतरवायच्या. पण आता माय आठ दिवस तापानं फणफणली होती. वैदूनं पुडी दिली, मधातूनच चाटव म्हणाला. पारबतानं उभं रान पालथं घातलं, तेव्हा पानाच्या द्रोणात मध जमला किती, तर एक टपोरा थेंब.

परतताना एका ऐनाखाली सोनेरी उजेड सांडलेला दिसला. उजेडात परी बसली होती, कण्हेरीच्या फुलाएवढी इवलीशी. तिच्यापुढं वाऱ्यानं आपटलेली दोन पाखरं पडली होती. एक पतंग, ताटलीएवढा, तांबूस-केशरी, पंखांवर काचेच्या चिमुकल्या खिडक्या. दुसरं पिवळंधमक फुलपाखरू, टिकलीहून जरासं मोठं. असली तर तुमच्या नाकावरही येऊन बसतात.

“पोरी, हा पतंग या रानात वीस वर्षांनी आलाय,” परी म्हणाली. “पिवळी रोज शंभर येतात. तुझा थेंब एकालाच दे. बरोबर दिलास तर एक इच्छा तुझी. चुकलीस तर मधही गेला, इच्छाही गेली.” नको वाटलं तर सरळ घरी जा, हेही तिनं सांगितलं.

पारबताचे पाय घराकडं वळलेही. पण पिवळ्याची केसाएवढी सोंड मातीत चाचपडत होती. तिला पुढं जाववेना.

तिनं द्रोण आधी पतंगाकडंच नेला. एवढा थोर पाहुणा, दुसरं कोण? पण हात थबकला. कोशातून निघणारे पतंग ती जन्मापासून बघत होती. ते चार दिवस जगतात, अंडी घालतात, एक घोटही पीत नाहीत. तिनं वाकून निरखलं. यालाही प्यायला तोंडच नव्हतं.

“मधानं याचे पंख चिकटतील नुसते,” ती म्हणाली. “याला फांदी पायजे.”

तिनं पतंगाला बोटावर घेऊन अलगद फांदीवर ठेवलं. मग थेंब पिवळ्यापुढं धरला. सोंड उलगडली, थेंब संपला, पिवळा ठिपका उन्हात उडाला.

रिकामा द्रोण बघून पारबताचे डोळे भरले. “चुकलं असंल तर मला शिक्षा कर. पण माय उठली पायजे.”

“मोठं कोण, हे मी विचारलंच नव्हतं,” परी हळूच म्हणाली. “पळ आता. तुझी माय उठून बसलीय. भूक लागली म्हणतेय.”

एवढं बोलून ती उजेडात विरघळली, आणि तो उजेड पानापानांवर सांडत थेट झोपडीच्या दारापर्यंत गेला.