भोंग्याआधीची हिरवी खूण

“आता तपासायचं राहिलंय तरी काय, बाई?”

शार्दूलच्या आवाजात गुर्मी होती, नाही कशाला म्हणायचं! नदीकाठच्या सात गावांत उद्या त्याचे पुराचे भोंगे बसणार होते. पाणी चढलं की त्याचा प्रोग्राम हुकूम सोडणार, भोंगा वाजणार आणि ‘वाजलो’ असं उलट कळवणार. चाळीस चाचण्या, चाळीसच्या चाळीस पास. आता फक्त मंजुळाबाईंची सही हवी होती. शहरातले भलेभले इंजिनिअर ज्यांच्यापुढे मान खाली घालून बसत, त्या याच.

“पहिली चालव बघू,” बाई म्हणाल्या.

त्यानं बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत स्क्रीनवर हिरवी खूण उमटली. पास!

आणि मग... टेबलावरचा भोंगा केकाटला.

“आधी काय झालं?” बाईंनी विचारलं.

“हिरवी खू...”

आधी खूण, मागून भोंगा. महिनाभर रोज हेच बघत होता की तो!

बाई उठल्या. त्यांनी भोंग्याची वायर उपसली आणि त्याच्या हातात दिली.

“परत चालव.”

हिरवी खूण. पास. भोंगा गप्प...

शार्दूलनं हातातल्या वायरकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. चाचणी हुकूम सोडून मोकळी होत होती, उत्तरासाठी थांबतच नव्हती. सात गावांत पाणी शिरलं असतं आणि इथे सगळं हिरवंगार!

“चुकलो, बाई.”

“मग थांबायला शिकव तिला.”

घाम पुसत त्यानं आठ ओळींचा एक छोटा मदतनीस प्रोग्राम लिहिला. त्याचं काम एकच: उत्तर येईपर्यंत चाचणीला जागचं हलू द्यायचं नाही. लिहून झाल्यावर त्यानं बटण दाबलं. वायर अजून त्याच्या मांडीवरच होती.

हिरवं नाही. लालही नाही. चाचणी नुसती थांबून राहिली... जे येणारच नव्हतं, त्या उत्तरासाठी.

दोन मिनिटं गेली. पाच गेली. बाईही तशाच, पापणी न हलवता बसलेल्या. केवढा अचंबा! आज पहिल्यांदा त्याचं यंत्र खोटं बोलत नव्हतं.

शेवटी त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, “बाई, उत्तर नाही आलं, तर किती वेळ थांबून लाल हो म्हणून सांगू हिला?”

“मला काय विचारतोस? नदीला विचार, ती गावात शिरायला किती वेळ थांबते ते.”