टेबलाच्या पलीकडची जागा

लोखंडाचं काम करणारा एक तरुण एकदा आपल्या वस्तादांकडे टेबलाचा आकार विचारायला आला. त्याचं नाव महिपती. गावाबाहेरच्या माळावर त्याने पत्र्याची शेड उभी केली होती, वीज घेतली होती, वेल्डिंगचं मशीन आणलं होतं. राहिलं होतं ते टेबल. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: वेल्डिंगच्या शेडमध्ये टेबल हे सामान ठेवण्यासाठी नसतं. फाटक असो, खिडकी असो, नांगराचा सांगाडा असो, प्रत्येक वस्तू त्या जाड लोखंडी पाटावर आडवी होते आणि तिथेच जोडली जाते. टेबलात खोट असली की ती गावातल्या प्रत्येक दारात जाऊन बसते.

"जाड प्लेट आणून ठेवलीय, वस्ताद," महिपती म्हणाला. "एकदा कापली की कापली. म्हणून विचारायला आलो. चौकोनी करू, लांबट करू, का अर्धगोल करून भिंतीला लावून टाकू?"

"तुझ्या मनात काय हाय?"

"अर्धगोल."

हे उत्तर जरा जास्तच लवकर आलं. आपण माणसं मोठी गमतीची असतो. सल्ला मागायला जातो तेव्हा निर्णय बहुधा खिशात घालूनच जातो, हवी असते ती फक्त मान डोलावणारी एखादी पिकली दाढी. महिपतीने कारणंही तयार ठेवली होती. जागा वाचते. सगळं हाताच्या अंतरावर येतं. कडेला शिकंजे बसवले की काम तेच घट्ट धरतात, एकट्याला सगळं उरकतं. "आणि पलीकडं कुणी उभं राहायचा प्रश्नच येत नाही," तो म्हणाला. हे शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज खाली गेला होता.

वस्तादांनी बाकीची कारणं ऐकून सोडून दिली. हे एक वाक्य मात्र त्यांनी धरून ठेवलं.

त्याचं कारण असं. महिपती आणि त्याचा धाकटा भाऊ सिद्राम, म्हणजे सिदू, दोघेही वस्तादांच्याच हाताखाली तयार झालेले. या कामात एका हातात वेल्डिंगचा रॉड पकडणारा होल्डर असतो, दुसऱ्या हातात तोंडासमोर धरायची काळी काच. मग जोडायचा तुकडा धरायला दुसरा माणूस लागतो. काच तोंडापुढे आली की ठिणगी पडेपर्यंत वेल्डरला काहीच दिसत नाही, मिट्ट काळोख. म्हणून वस्तादांच्या शेडमध्ये एक नियम होता. पलीकडचा माणूस कोपरा गुण्याला, म्हणजे काटकोनी पट्टीला, लावून बघणार, स्वतःची काच तोंडापुढे घेणार आणि मग "हं" म्हणणार. तो "हं" ऐकू आल्याशिवाय अलीकडच्याने रॉड टेकवायचा नाही. त्या काळोखात तेवढा एक हुंकार हाच काय तो आधार.

आदल्या वर्षी दसऱ्याच्या आधी कामाची फार घाई होती. महिपतीने "हं"ची वाट पाहिली नाही. सिदू काच बाजूला ठेवून कोपऱ्यावर वाकला होता. वितळलेल्या लोखंडाचा एक थेंब उडाला आणि त्याचा डावा डोळा कायमचा गेला. सिदूने भावाला एका शब्दाने दोष दिला नाही. दवाखान्यातून तो ओढ्यापलीकडच्या वाडीत आईपाशी जाऊन राहिला. महिपती सुरुवातीला जात असे. पुढे ते जाणं कमी होत गेलं आणि मग थांबलं.

"प्लेट कापू नको," वस्ताद म्हणाले. "आधी शेडमध्ये जमिनीवर खडूनं तुझं अर्धगोल काढ. पर भिंतीला चिकटवून न्हाई. मधी एक माणूस मावंल एवढी जागा सोड. त्या आखणीत दोन लोखंडी घोडे ठेव, त्यावर चार पट्ट्या टाक आन् काम चालू कर. आखणीच्या भोवती ग्राइंडरची काळी भुकटी पसरून ठेव. कुलपाची किल्ली तुझ्याकडंच असू दे. सांजंला भुकटी बघायची आन् मग झाडायची."

"आणि त्यानं काय कळणार?"

"टेबलाचा आकार," वस्ताद म्हणाले आणि विडीला काडी लावायच्या कामाला लागले.

महिपतीला हे म्हातारपणाचं खूळ वाटलं. पण वस्तादांचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. त्याने खडूने आखणी केली, भुकटी पसरली, शिकंजे लावले आणि गोलाच्या बाजूला, दाराकडे पाठ करून उभा राहिला. एका घराच्या फाटकाची चौकट त्याने जोडायला घेतली. माळावर चिटपाखरू नव्हतं. पत्रा उन्हाने तापून मधूनच कडकत होता. दिवसभरात कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही.

संध्याकाळी हात धुऊन तो भुकटी बघायला वाकला. भिंतीकडच्या बाजूला, त्या सोडलेल्या जागेत, पावलांचे ठसे होते. टेबलाकडे तोंड करून कोणीतरी तिथे बराच वेळ उभं राहिलेलं होतं.

त्याने आधी स्वतःची समजूत घातली, सगळेच घालतात तशी. भुकटी पसरताना आपलाच पाय पडला असेल. त्याने सगळं झाडलं, नवी भुकटी पसरली, मागे सरत सरत बाहेर आला आणि कुलूप ओढून पाहिलं. सकाळी भुकटी होती तशी होती. संध्याकाळी पुन्हा ठसे होते. आता ते नीट दिसत होते: डावं पाऊल सरळ आणि उजवं किंचित बाहेर वळलेलं. सिदू लहानपणी झाडावरून पडला होता, तेव्हापासून तो असाच उभा राहायचा.

आणि एवढंच नव्हतं. एकट्याने शिकंज्यावर जोडलेली चौकट थोडीतरी तिरपी जातेच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रॉडच्या उष्णतेने लोखंड ओढतं, आणि पलीकडून सांभाळून घेणारं कोणी नसतं. त्याने गुण्या लावला. चारही कोपरे काटकोनात होते. हे काम एका माणसाचं नव्हतं.

मग त्याला ते ऐकू आलं. भर दुपारी, वारा पडलेला, मशीनची घरघर चालू. त्याने काच तोंडापुढे धरली, सगळीकडे काळोख झाला, आणि समोरून, अगदी हाताच्या अंतरावरून कोणीतरी म्हणालं, "हं." त्याच्या हाताने रॉड टेकवला. हात मनाला विचारायला थांबलाच नाही. वेल्डिंगचा टाका पक्का बसल्यावर मात्र त्याच्या हातातून होल्डर गळून पडला. काच बाजूला केली तर समोर भिंत, आणि भिंतीवर त्याचीच सावली.

तो तसाच वस्तादांकडे गेला. त्याच्या ओठांचा रंग गेला होता. "वस्ताद, सिदू जिवंत आहे ना हो?" हे त्याने पहिलं विचारलं. स्वतःच्या सख्ख्या भावाची खबर त्याला दुसऱ्याच्या ओसरीवर येऊन विचारावी लागली, याची शरम त्याला त्याही भीतीत जाणवली.

"जिता हाय. परवाच बाजारात दिसला," वस्ताद म्हणाले. "उद्या मी येतो. तू रोजच्यावाणी काम कर. माझी वाट बघू नको."

दुसऱ्या दिवशी महिपतीने देवाचं नाव घेऊन काम सुरू केलं. किती वेळ गेला कोण जाणे. एकदा काच खाली करून तो मागे वळला तेव्हा दारात वस्ताद उभे होते. ते बऱ्याच वेळापासून तिथे असावेत, कारण विडी विझून बोटांत तशीच राहिली होती. पलीकडच्या भुकटीत पुन्हा ठसे उमटले होते.

"जा," वस्ताद म्हणाले, "त्या ठशांवर पाय ठेवून उभा ऱ्हा."

"मी नाही जाणार तिथं."

"मी हाय न्हवं हितं. जा."

महिपती टेबलाला वळसा घालून गेला. डोळे मिटूनच त्याने पाय ठेवले. मग खाली पाहिलं. त्याच्याच चपला, डाव्या टाचेला झिजलेल्या. ठसा आणि चप्पल यांत केसाचंही अंतर नव्हतं. आणि त्याचं उजवं पाऊल, त्याला न कळत, बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं.

"मी कधी आलो इथं?" त्याने ठशांवरून पाय न उचलता विचारलं.

"दर टाक्याला येतोस. मी दारातनं बघत होतो. पट्टी शिकंज्यात घालतोस, फिरून पलीकडं जातोस, मान तिरकी करून कोपरा बघतोस, हातानं दाबून सारखा करतोस. 'हं' म्हणतोस. मग परत अलीकडं येऊन काच धरतोस, उभा ऱ्हातोस, आन् पुन्यांदा 'हं' म्हणून रॉड टेकवतोस."

"तो आवाज माझा होता?"

वस्तादांनी बोटांतल्या विझलेल्या विडीकडे पाहिलं. पत्रा कडकला. "तोंड तुझं होतं," ते एवढंच म्हणाले.

महिपती त्या जागेवरच खाली बसला. वस्ताद आत आले आणि खडूच्या रेषेशी थांबले.

"तू आकार विचारायला आलास, पर तुला आकार नको हुता. तुला एक बाजू वजा करायची हुती. जिथं त्यो उभा ऱ्हायचा ती जागाच भिंतीला लावून टाकली, की आठवण यायची न्हाई आन् पुन्यांदा कुणाला इजाही व्हायची न्हाई, असं तुला वाटलं. ही तू सोताला दिलेली शिक्षा हाय असं तू समजतोस. पर घरात कोण बसलंय? त्यो बसलाय. त्याचा डोळा घाईनं गेला. त्याची जागा तू इचार करून काढून घ्यायला निघालास." ते श्वास घ्यायला थांबले. "आन् एक सांगतो. पलीकडची जागा रिकामी ऱ्हात नसती, पोरा. माणसाला बोलावलं न्हाई, तर त्याचं भूत येऊन काम करतं. भुतानं केलेल्या चौकटी सरळ येतील, पर तू किती दिस तगशील?"

महिपती रडला. मोठा माणूस रडताना पाहणं अवघड असतं, म्हणून वस्ताद बाहेर जाऊन विडी पेटवत बसले.

त्याच संध्याकाळी महिपती ओढा ओलांडून वाडीत गेला. सिदू अंगणात विळ्याला धार लावत बसला होता. डावा डोळा पांढरा, उजवा पूर्वीसारखाच हसरा.

"ये दादा. शेड झाली म्हणं?"

"झाली. टेबल राहिलंय. प्लेट आणून ठेवलीय, कापली नाही अजून." मग जे मनात होतं तेच तो बोलला. "सिदू, माझ्यामुळं तुझा डोळा गेला. मी तुला तसं कधी म्हणालोही नाही. तुला परत ठिणग्यांपुढं उभं करायची मला भीती वाटते रे."

सिदूने विळा खाली ठेवला. "मला हितं बसून ऱ्हायची भीती वाटती, दादा. डोळा गेला तवा दुखलं. पर तू यायचा बंद झालास त्ये जास्त दुखलं." मग त्याने नाक ओढलं आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "आन् मी उभा कुठं ऱ्हाऊ? त्ये सांग आधी, मग प्लेट काप."

टेबल लांबट झालं. ते शेडच्या मधोमध उभं आहे, दोन्हीकडून मोकळं. त्याचे तीन कोपरे ताठ आहेत आणि एक कापून गोल केलेला आहे. सिदू उभा राहतो तिथला, त्याच्या डाव्या हाताचा, म्हणजे जो कोपरा त्याला दिसत नाही आणि मांडीला लागला असता तो. बाहेरून आलेला माणूस कापणीत चूक झाली असं समजतो आणि दोघे भाऊ त्याला तसं समजू देतात.

पहिला टाका घालायचा होता तेव्हा वस्ताद मुद्दाम येऊन बसले होते. सिदूने कोपरा धरला. महिपतीने होल्डर घेतला, काच तोंडापुढे आणली, आणि नेहमीचा काळोख पसरला. या वेळी त्याने खालचा ओठ दातांत घट्ट धरून ठेवला होता, रक्त येईल इतका, म्हणजे जो आवाज येईल तो कोणाचा हे कळावं. मशीन घरघरत होतं. काही ऐकू येईना. त्याच्या मानेवरून घाम ओघळला. आपण इतके दिवस कोणाबरोबर काम केलं, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो जाऊ दिला. तो थांबला. गेल्या वर्षी जेवढं थांबायला हवं होतं तेवढं, आणि त्याहूनही जास्त.

"जरा थांब, दादा," पलीकडून आवाज आला. "अजून गुण्यात न्हाई."

मग पट्टी सरकल्याचा बारीक आवाज झाला. आणि मग, किंचित घोगरा, सर्दी झाल्यासारखा:

"हं."

आपल्याही घरातल्या टेबलाभोवती एकदा भुकटी पसरून पाहावी.