उलट्या पिळाचं शेवाळ

एका राज्यात राजापेक्षा राजवाड्याच्या पायऱ्यांचा रुबाब मोठा होता. त्या रोज राखेने घासल्या जायच्या, कारण राज्याभिषेकाच्या दिवशी राजा रिपुंजय त्यांच्यावरच्या शेवाळावरून घसरला होता. मुकुट गडगडत थेट हत्तीच्या पायाशी गेला. कोणी हसलं नाही, पण राजाला हसू ऐकू आलं. मग काय, दवंडी पिटली: राज्यात ही शेवाळाची घाण दिसता कामा नये! खडक खरवडले, झाडं घासली, कस्तूर पक्ष्यांची शेवाळाने बांधलेली घरटीसुद्धा सेवकांनी उधळून टाकली.

शेवटी एका झऱ्याकाठी तेवढा हिरवा तुकडा उरला. त्यावर धुकेश्वर नावाचा मांत्रिक बसला होता.

"ऊठ," राजा म्हणाला.

"राजा, हे माझं गोत आहे. गोत सोडून मी उठत नाही."

राजाने खुरपं युवराज कुवलयच्या हाती दिलं. कुवलय डावखुरा. भोवऱ्याला दोरीसुद्धा उलटी गुंडाळायचा, आणि राजा त्याला त्यावरून उठता-बसता टोकायचा. कुवलय घुटमळला, पण बापाची आज्ञा मोडायची कशी? त्याने डावा हात उचलला.

"ज्याला घाण म्हणतोस, त्यातच तुझा मुलगा राहील," धुकेश्वर म्हणाला. "ओळखेल तो त्याला नेईल. चुकेल त्याला दुसरी संधी नाही."

धुकं आलं आणि गेलं. मांत्रिक नाही, युवराज नाही. थोड्याच दिवसांत राज्यातले झरेही आटले. पाणी धरून ठेवणारं गोतच खरवडल्यावर पाणी कोणासाठी थांबेल?

राजा दार लावून बसला. निघाली ती कुवलयची धाकटी बहीण, राजकन्या अनुमती. चालता चालता ती राज्याच्या सीमेपलीकडे एका धबधब्यापाशी आली. तिथे निळा कस्तूर शीळ घालत होता.

"राजकन्ये, तुझ्या बापाने माझं घरटं मोडलं," कस्तूर म्हणाला. "तुझ्या भावाने ते गुपचूप परत कपारीत ठेवलं. म्हणून सांगतो. धुकेश्वराची दरी याच पाण्यामागे आहे. आणि एक ध्यानात ठेव, शेवाळ बघायचं तर खाली यावं लागतं."

अनुमती धबधब्यातून पलीकडे गेली. धुकेश्वर दगडावर बसला होता, आणि त्याची दाढी हिरवी होती.

"तीन गोष्टी ओळख," तो म्हणाला. "पहिली. या तिन्हींत माझं गोत कोणतं?"

समोर डबक्यावरचा हिरवा तवंग होता, सालीवरचं दगडफूल होतं आणि खडकावरची मऊ गादी होती. अनुमतीने गुडघे टेकले. तवंगाला ना देठ, ना पान. दगडफुलाचा नुसता पापुद्रा. गादीत मात्र इवलं इवलं खोड आणि त्याभोवती पानं, इतकी पातळ की बोट आरपार दिसावं. मूळ म्हणावं असं काहीच नाही. नुसत्या केसांसारख्या तंतूंनी खडक धरलेला.

"हे," ती म्हणाली.

"दुसरी. गोतात घराणी पुष्कळ. वणव्यानंतर काळ्या भुईवर सर्वांआधी पाऊल टाकणारं माझं लाडकं घराणं. तुझा भाऊ त्यात आहे."

दरीच्या तळाशी जळकी जागा होती, पण तिथेही नाना तऱ्हेची शेवाळं दाटली होती. प्रत्येकाच्या देठाच्या टोकाला इवलं बोंड, बोंडावर टोपी. कोणाची टोपी केसाळ, कोणाचं बोंड चौकोनी. अनुमती पोटावर आडवी झाली. अजून काळ्या असलेल्या कोळशांवर मात्र एकच घराणं पोचलं होतं. त्याचं बोंड नासपतीसारखं, मान झुकलेली, डोक्यावर लांब चोचीची टोपी. एका बोंडाचं झाकण गळलेलं होतं, आणि आत दातांची दुहेरी कड! हवा कोरडी असेल तेव्हाच उघडायचं आणि धुळीएवढं बी हळूहळू वाऱ्यावर सोडायचं. एवढ्याशा तोंडाला एवढी शिस्त! राजकन्या पाहतच राहिली. तिच्या वडिलांच्या दरबारातही कोणी इतकं मोजून तोंड उघडत नव्हतं.

"हे घराणं," ती म्हणाली.

"तिसरी. यातला तुझा भाऊ कोणता? बोट एकदाच लावायचं."

भुईभर तीच बोंडं आणि तेच देठ होते. ऊन चढलेलं. पानं आक्रसून तपकिरी झाली होती, देठ दोरीसारखे पिळवटले होते. अनुमतीचा धीर सुटला. "दादा वाळून गेला," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

"वाळलं म्हणजे मेलं नव्हे," वरून कस्तूर म्हणाला. "आमच्या घरट्यात विचार."

अनुमती उठली. धबधब्यात पदर भिजवून आणला आणि त्या भुईवर पिळला. पानं उघडली, हिरवी झाली. मग देठांचे पीळ सुटू लागले, आणि सगळी बोंडं एका दिशेने गरगर फिरू लागली.

एक सोडून. एक बोंड उलटं फिरत होतं, कोणीतरी दोरी उलटी गुंडाळल्यासारखं.

"दादा!" म्हणत तिने बोट लावलं.

कुवलय समोर उभा होता. डाव्या हातात अजून खुरपं होतं. त्याने ते दूर भिरकावलं.

"मी खरवडणार नव्हतो गं," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

धुकेश्वराने दाढीतलं मूठभर शेवाळ तिच्या ओंजळीत ठेवलं. राज्यात परतल्यावर तिने ते जिथे जिथे ठेवलं तिथे झरे फुटले. राजाने मुलाला छातीशी धरलं आणि ज्या हातावरून आयुष्यभर टोकलं, त्याचा तोच हात आपल्या कपाळाला लावला.

पावसाळ्यात राजवाड्याच्या पायऱ्या हिरव्या झाल्या. दसऱ्याला राजा दिमाखात उतरू लागला आणि भर दरबारासमोर घसरला. मुकुट गडगडत गेला. कोणीतरी हात द्यायला धावलं.

"थांबा," राजा पडल्या पडल्या म्हणाला. "खाली आलोच आहे, तर नीट बघू द्या."