पाठीवरचं रान

“म्हंजी ह्या कागदात चूक कुठंच नाय?” धावजीबाबांनी विचारलं.

“एकही नाही, बाबा,” श्रीरंग म्हणाला. “कराराची बारा कलमं आहेत. तीन वर्षं खपून मी एकट्यानं लिहिलीत. कुणाला काना-मात्रेला हात लावू दिला नाही.”

“मग सह्या का नाय झाल्या?”

श्रीरंगनं कागदाची घडी करून कोटाच्या खिशात ठेवली.

बाबा देवराईच्या वेशीवर बसले होते, शेंदूर फासलेल्या धोंड्याच्या आतल्या अंगाला, त्याला पाठ टेकून. शेजारी भाकरीचं रिकामं फडकं. या देवराईचे ते राखणदार. पंचवीस वर्षांपूर्वी श्रीरंग दोन वर्षं त्यांच्या पडवीत राहिला होता आणि झाडं ओळखायला त्यांच्याकडूनच शिकला होता. पुढं तो डॉक्टर श्रीरंग झाला. आता डोंगरातल्या जंगलांवर कुठल्याही देशात बैठक असो, त्याच्यावाचून पान हलत नसे. निदान त्याला तरी तसं वाटे.

“सातव्या कलमावर घोडं अडलंय,” तो म्हणाला.

पाच डोंगराळ देशांची दहा माणसं खालच्या विश्रामगृहात तीन दिवस बसली होती. उतार जाळायचे नाहीत, हे सगळ्यांना मान्य. ज्या डोंगरावर जे झाड शोभतं तेच लावायचं, मान्य. डोंगरातल्या माणसाचं पोट रान न तोडता भरलं पाहिजे, त्यासाठी मधाला, हिरड्याला, लोकरीला मदत द्यायची, तेही मान्य. प्रश्न उरला तो एकच. दिलेला शब्द पाळला जातोय की नाही, हे बघायचं कुणी?

“मी सोपं लिहिलंय,” श्रीरंग म्हणाला. “ज्यानं त्यानं आपलं जंगल आपण तपासावं आणि कळवावं. तर पेरूच्या मारिसोलबाई म्हणतात, मग कागदावर सगळ्यांचंच जंगल हिरवंगार निघेल. आणि नेपाळचे दोर्जेसाहेब म्हणतात, दुसऱ्यानं आमच्या घरात येऊन चुका टिपत बसायचं, हेही आम्हाला चालणार नाही.”

“दोघं बी खरंच बोलत्यात की.”

“तेच तर दुखणं आहे! चार वाजता गाड्या निघतील, बाबा. आज सही झाली नाही तर पुढची बैठक दोन वर्षांनी. तोवर जळायचं ते जळून जाईल.” त्यानं घड्याळाकडं बघितलं. “काहीतरी सांगा.”

बाबांनी समोरच्या गर्द झाडीकडं बघितलं.

“पाव्हण्यांना रान दाव,” ते म्हणाले.

निघण्याआधी देवराई बघायला पाहुणे वर आले होतेच. श्रीरंग त्यांना घेऊन आत शिरला.

कार्तिकातलं ऊन पानांतून गाळून खाली येत होतं. अंजनाची, हिरड्याची जुनी खोडं, त्यांच्यावरून लोंबणारे वेल, आणि कमरेएवढं वाळत आलेलं गवत. तीन दिवस एकमेकांकडं सरळ न बघणारी माणसं माना वर करून बघत राहिली. दोर्जेसाहेब एका बुंध्याला कान लावून उभे राहिले. मारिसोलबाईंनी चपला काढून हातात घेतल्या. श्रीरंगनं मात्र गवतात ऐसपैस बैठक मारली आणि देवराई या विषयावर अर्धा तास भाषण ठोकलं.

परत फिरले तेव्हा तीन वाजत आले होते. श्रीरंग सर्वांत पुढं.

“थांब,” बाबा म्हणाले. त्यांनी काठी आडवी धरली होती.

“बाबा, उशीर होतोय…”

“रानातलं रानात. काडी नाय, बोंड नाय, बी नाय. इसरलास?”

श्रीरंगनं खाली बघितलं. कोटाला, बाह्यांना, विजारीला काटेरी बिया चिकटल्या होत्या. कपड्यांना बिलगून फुकटचा प्रवास करणाऱ्या त्या बियांवर त्यानं एक निबंधही लिहिला होता. त्यानं पाहुण्यांना इंग्रजीत समजावलं, की अंगावरची एक बीसुद्धा घेऊन वेशीबाहेर जायचं नाही, ही इथली रीत आहे. मग त्यानं भराभरा आपल्या पुढच्या बिया वेचल्या, कोट काढून झटकला, पुन्हा चढवला आणि पाऊल उचललं.

काठी तशीच आडवी.

“झालं की, बाबा.”

“मागं?”

“कोट झटकला ना.”

“कोटाच्या खाली?”

श्रीरंगनं मान वळवली. विजारीच्या बुडाला बियांचं जाजमच चिकटलं होतं. भाषणाची बैठक चांगलीच अंगाशी आली होती. हाताला लागतील तेवढ्या त्यानं ओढल्या. उरलेल्या बघायला तो डावीकडं वळला, तर त्या उजवीकडं गेल्या. उजवीकडं वळला, तर डावीकडं. शेपटीमागं फिरणाऱ्या कुत्र्यासारखे त्याचे दोन-तीन फेरे झाले. आणि विजार काही पाच देशांसमोर उतरवता येत नव्हती!

कुणीतरी फिस्सकन हसलं…

दोर्जेसाहेब पुढं झाले. चष्मा नाकावर चढवून ते सरळ श्रीरंगच्या मागं उकिडवे बसले आणि एकेक बी वेचू लागले. साठीचा माणूस, आपल्या देशाचा मुख्य वनाधिकारी.

“अहो साहेब, काय करताय! राहू द्या,” श्रीरंग लाजून चूर झाला.

“हलू नका,” दोर्जेसाहेब म्हणाले. “मला दिसतंय, तुम्हाला दिसत नाहीये.”

त्यांच्या जाकिटावर मागं पसाभर बिया होत्या. मारिसोलबाईंनी त्या काढायला घेतल्या. मारिसोलबाईंच्या शालीला कोण बघणार? मागची एक बाई पुढं सरकली. बघता बघता दहा पाहुण्यांची आणि श्रीरंगची रांग धोंड्याच्या आतल्या बाजूलाच वळली आणि तिचं कडं झालं. ज्याचे हात पुढच्याच्या पाठीवर, त्याच्या पाठीवर मागच्याचे हात.

“तुमच्याकडं बरंच काही साठलंय,” मारिसोलबाई म्हणाल्या.

“तुमच्याकडं कमी नाही,” दोर्जेसाहेब म्हणाले. “पण तुम्ही काढताय, म्हणून मला राग येत नाहीये.”

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. श्रीरंगही हसला. गेल्या तीन वर्षांत तो असा हसला नव्हता.

मग हसणं हळूहळू थांबलं. मारिसोलबाईंचा हात दोर्जेसाहेबांच्या जाकिटावरच राहिला होता…

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “तो कागद आणा बरं.”

श्रीरंगनं कागद दिला. वर पेनही दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं आपला मसुदा दुसऱ्याच्या हातात सोडला होता. धोंड्यावर कागद ठेवून सगळे ओणवे झाले. सातवं कलम खोडलं गेलं. नवं लिहायला दोन ओळी पुरल्या. दरसाल एका देशाची माणसं दुसऱ्याच्या जंगलात येतील, आणि जे खटकेल ते दाखवून न थांबता, निस्तरायला हात लावतील. दर तिसऱ्या वर्षी, कुणी कुणाकडं जायचं, ती पाळी बदलेल.

साडेतीनला पाच सह्या झाल्या. कागदाच्या कडेला थोडा शेंदूर लागला, तो कुणी पुसला नाही.

बाबांनी काठी खाली घेतली. पाहुणे गलका करत उतरणीला लागले. दोर्जेसाहेब तर गात होते.

श्रीरंग मागं राहिला. त्याचा आनंद पोटात मावत नव्हता. पडवीतली दोन वर्षं त्याला आठवली. रोज संध्याकाळी याच धोंड्यापाशी बाबा त्याची पाठ साफ करत आणि मगच त्याला बाहेर सोडत. आपण कधी त्यांच्या पाठीमागं उभे राहिलो होतो का, ते मात्र त्याला काही केल्या आठवेना.

“बाबा, आता तरी घरी चला,” तो म्हणाला. “सकाळपासून इथंच बसलायत. भाकरीही इथंच मागवलीत. असं का?”

बाबा काठी टेकत उठले आणि सावकाश वळून उभे राहिले. मानेपासून कमरेपर्यंत त्यांची बंडी बियांनी भरलेली होती.

“तुझीच वाट बघत व्हतो.”