राणी इंदुलेखा आणि जिभेवर न मावणारा शब्द

एका राज्यात, जिथली पाखरे माणसांशी माणसांच्या बोलीत बोलत, राजा वीरबाहू राज्य करीत होता. एके दिवशी आंग्लदेशीचा जादूगार दरबारी आला. त्याने नजर केलेले स्फटिकाचे फूल राजाने "कवडीमोल!" म्हणून भिरकावले.

जादूगार म्हणाला, "तर मग तुला सारेच कवडीमोल भासो! या शापाला माझ्या भाषेत एकच शब्द आहे. अर्थ जाणून, एका दमात, तुझ्या माणसांपैकी कोणी तो तुझ्यासमोर उच्चारील तेव्हाच सुटशील."

शब्द उच्चारून तो धुरासारखा विरला. शब्द एवढा लांब, की शेवट ओठांवर येईतो आरंभ विसरावा.

राजाला रत्ने खडे वाटू लागली, प्रजा मुंग्या. राणी इंदुलेखेला तो म्हणाला, "तू असलीस काय, नसलीस काय!" पौर्णिमेला राज्य शत्रूच्या हवाली करण्याचा हुकूमही सुटला. राणी रडली नाही. तिने पदर खोचला.

महालातली म्हातारी साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, हा शब्द अखंड नव्हे, जोडलेला आहे. त्याचे तुकडे मिळवा, वाट मी दाखवते."

राणीने आग ओकणाऱ्या मेंढ्याच्या अंगावरून लोकरीचा पुंजका उपटला. तो बोलला, "फ्लॉक्सि." यक्षाच्या बागेतून फळाचे टरफल उचलले. ते बोलले, "नॉसि." निजलेल्या राक्षसाच्या डोक्यावरून केस तोडला. तो बोलला, "पिलि."

"आणि मधले नाइहिलि?" राणीने साळुंकीला विचारले.

"ते म्हणजे काहीच नाही. ते आणायला कुठे जाल? चौघांचा अर्थ एकच, क्षुल्लक. शेवटचे फिकेशन म्हणजे तसे करणे."

"म्हणजे कस्पटासमान लेखणे!" राणी म्हणाली. "हाच तर महाराजांचा रोग."

पौर्णिमा आली. शत्रू वेशीशी ठाकला. राणी सिंहासनापुढे उभी राहिली. पहिल्या खेपेस 'पिलि'शी दम तुटला. दुसऱ्या खेपेस आरंभीच जोर दिला, तो जीभ अडखळली.

"वायफळ बडबड," राजा जांभई देत म्हणाला. "वेस उघडा."

साळुंकी खांद्यावर उतरली. "आधीचे हलके सोडा, राणीसाहेब. सगळा भार 'के'वर."

राणीने ऊर भरून श्वास घेतला.

"फ्लॉक्सिनॉसिनाइहिलिपिलिफिकेशन!"

राजा दचकला. झोपेतून उठल्यागत त्याने सभोवार पाहिले. वेशीचे अडसर निघत होते, बायका लेकरांना पोटाशी धरून उभ्या होत्या.

"वेस मिटा!" तो गरजला. "तटावर चढा!"

अडसर बसले. तटावर भाले चमकले, तसा शत्रू आल्या वाटेने माघारी फिरला.

मग राजा सिंहासनावरून उतरला. राणीच्या पायांकडे त्याची नजर गेली.

"इंदुलेखे, हे पाय कशाने रक्ताळले?"

"चालले बरेच, महाराज," राणी म्हणाली. आणि इतक्या दिवसांत प्रथमच तिच्या डोळ्यांना पाणी आले.

भरदरबारी राजा खाली बसला आणि आपल्या शेल्याने तिचे पाय पुसू लागला.